दहापैकी किती

४ मार्च, सकाळी

ताई,

पत्र माझंच आहे. अक्षर बघून ओळखलं असशील, इतकी वाकडी ओळ आपल्या घरात दुसरं कुणी काढत नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून म्हटलं पत्र टाकावं. पत्र फाडता येतं हे मला माहीत आहे. पण फाडायच्या आधी वरची ओळ तरी नजरेखालून जाते, म्हणून मुद्द्याचं वरच लिहायला हवं होतं आणि मी अक्षराचं लिहीत बसले. तर मुद्दा असा की सुया सुरू झाल्या.

आता रागावलीस. रागाव. तू म्हणाली होतीस, "आई, ऑपरेशन करून घे, नाहीतर मला फोन करू नकोस." मी ऑपरेशन केलं नाही आणि फोन केला. दोन्हीकडून चुकलं.

तुझं कसं आहे, तू पाणीपुरवठ्याची इंजिनीयर. तुंबलेला नळ दिसला की खणायचा, काढायचा, नवा टाकायचा. पण खणायला रस्ता दणकट लागतो गं. भूल देणारे डॉक्टर माझ्यासमोर बोलले की हिचं हृदय थकलेलं आहे, टेबलावरच थांबलं तर आम्ही काय करणार. तू म्हणालीस भूलवाले असंच घाबरवतात. घाबरवत असतील. मी घाबरले.

डॉक्टरीणबाईने मला चित्र काढून दाखवलं. तू होतीस तेव्हा एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आतड्याला रक्त नेणाऱ्या तीन नळ्या असतात. माझ्या दोन जवळजवळ बंद आणि तिसरी अर्धी. जेवलं की आतड्याला काम पडतं, रक्त जास्त लागतं, ते येत नाही, म्हणून दुखतं. डॉक्टर नळीत जाळी बसवायला गेले तर तार पुढे सरकेना, ते तुला माहीतच आहे. आता हे नवीन औषध. त्याला पेप्टाइड म्हणतात. मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. म्हणजे प्रथिनाचा एकदम बारका तुकडा. तो आत जाऊन शरीराला सांगतो की मोठी वाट बंद आहे ना, मग आजूबाजूने बारीक बारीक वाटा काढा. खणायचं काही नाही. अजून दुकानात मिळत नाही, आमच्यासारख्यांवर करून बघतायत.

आणि निम्म्या लोकांना नुसतं मिठाचं पाणी टोचतात, हे पण सांगून टाकते, नाहीतर धाकटा सांगेलच. कुणाला औषध आणि कुणाला पाणी ते डॉक्टरीणबाईलाही ठाऊक नाही. मी विचारलं, "मला पाणी आलं तर?" ती म्हणाली, "तर आजी, तुमच्यामुळे पुढच्या माणसाला कळेल." मी म्हटलं, "पुढच्या माणसाने मला काय दिलंय?" तर हसली. चांगली आहे पोरगी. दमलेली दिसते. केस विंचरायला सवड नसते बहुतेक.

सुई पोटावर टोचायची, सकाळ आणि संध्याकाळ. पहिल्या दिवशी सूनबाईने टोचली. टोचून झाल्यावर मीच तिला पाणी दिलं. आता माझी मी टोचते. अर्धं आयुष्य कॅन्टीनमध्ये सुरी चालवली, एका सुईचं काय.

आमचं गठुडं, म्हणजे धाकट्याची लेक, मस्त आहे. तू बघितलंस तेव्हा नुसतं दुपट्यातलं बोचकं होतं, म्हणून मी गठुडं म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं. सूनबाईला आवडत नाही. आता बसायला लागलीय. मागे उशी लावावी लागते, नाहीतर हळूहळू एका बाजूला कलते, माझ्यासारखी.

तब्येत ठीक आहे माझी. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकतं एवढंच.

आई


१५ मार्च, दुपारी

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी खिडकीशी जाते. त्याला वाटतं मला त्याच्याशी बोलायचं असतं, म्हणून तो उगाच त्याच्या गुडघ्याचं सांगत बसतो.

आज गठुड्याला पहिला घास दिला. मऊ भात, अगदी बोटाने चुरलेला. तोंडात घेतला, डोळे मोठे केले, आणि सगळा परत बाहेर काढून हनुवटीवर पसरला. सूनबाई म्हणाली, "नाही आवडला वाटतं." मी म्हटलं, "थांब, तिला कळू दे आधी काय आहे ते." दुसरा घास ठेवला तर गिळला. गिळल्यावर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तिला फसवलंय. मला एवढं हसू आलं की पोट धरून बसावं लागलं, आणि पोट धरून बसले की सगळे घाबरतात, म्हणून मग हसू पण आवरावं लागलं.

तर आम्ही दोघी आता सारख्याच झालोय. तिलाही थोडं थोडं दिवसातून पाच वेळा, मलाही. तिचीही वाटी, माझीही वाटी. फरक एवढाच की तिला भरवायला सगळे धावतात आणि मला जेवायचं म्हटलं की भीती वाटते. तुला सांगितलं नव्हतं मी हे. जेवण समोर आलं की आधी घड्याळाकडे बघते. अर्ध्या तासात ते येणार. पोटात कुणीतरी ओला कपडा पिळावा तसा पीळ पडतो. ज्या बाईने अख्ख्या कारखान्याला जेवू घातलं तिला घास घ्यायची भीती. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, आता कळलं तुझ्या हातचं खाऊन आमचं काय व्हायचं. असले घाणेरडे विनोद करायचे.

दवाखान्यातून रोज एक पोरगी फोन करते. दुपारचं ठरलेलं जेवण झालं की तासाभराने. तिला असे शेकडो फोन करायचे असतात बहुतेक, म्हणून घाईत असते. "आजी, जेवलात? दहापैकी किती?" एवढंच. मी आकडा सांगते, ती "बरं, नोंदवते" म्हणते, की संपलं.

मला गंमत वाटते. अगदी आपल्या कॅन्टीनच्या फळ्यासारखं. तू लहान असताना यायचीस तेव्हा बघितला असशील, ताटं द्यायच्या खिडकीशेजारी होता. मोठ्या साहेबांनी लावला होता. जेवून हात धुतला की कामगार खडूने दहापैकी मार्क टाकायचे. भाजी जळली तर तीन. चांगलं झालं तर आठ, नऊ. ज्या दिवशी तीन पडायचे त्या दिवशी आमची मुख्य आचारीणबाई भांडी आपटायची आणि आम्हाला जेवण जायचं नाही. आणि नऊ पडले की तीच बाई गाणं म्हणायची, ते तर त्याहून वाईट.

तर मला माहीत आहे कमी मार्क पडले की काय होतं. म्हणून पहिले दिवस फारच वाईट गेले, तेव्हा जीव खरं तर एकच द्यायला सांगत होता, तरी मी त्या पोरीला दोन दिले. एक आपला वरचा. तिने काय केलंय बिचारीने.

काल तीन दिले. खरे दोन होते.

आई


२ एप्रिल

ताई,

आज फार लिहिवत नाही. रांगेत बसून आले. वजन, रक्त, पुन्हा रक्त. बाकावर माझ्याशेजारी एक सुतार बसतो, त्याचंही माझ्यासारखंच आहे. तो म्हणाला, "मावशी, मला तर नक्की पाणीच टोचतायत, मला काही फरक नाही." मी म्हटलं, "धीर धरा." तो म्हणाला, "धीर धरायला तरी पोटात काही जायला पाहिजे." त्याच्या बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

मला लाज वाटली, कारण मला फरक आहे.

ताई, परवा मी अख्खी वाटी खाल्ली. भात आणि उकडलेलं अंडं. खाऊन झाल्यावर पलंगावर बसून वाट बघितली, नकोशा पाहुण्याची बघतात तशी. आलं दुखणं. पण दारातूनच गेलं. मी उठले, गठुड्याचे कपडे धुतले, दोरीवर टाकले. सूनबाई बघत राहिली. फोन आला तेव्हा मी सात दिले. आणि काल आठ.

पण एक सांगते, त्या फोनवाल्या पोरीचं काहीतरी बिनसलंय. मी मार्क वाढवतेय तसा तिचा आवाज पडत चाललाय. आधी नुसतं "नोंदवते" म्हणायची, आता "अरे रे, आठ?" म्हणाली. घरी काही असेल. नवरा असेल. मी म्हटलं, "पोरी, तू काळजी करू नकोस, सगळं बरं होतं." तर म्हणाली, "आजी, तुम्हीच मला धीर देताय." म्हणून आज मी नऊ दिले. खरे आठच होते. तरी खूश झाली नाही. हल्लीच्या मुलींना कशाने बरं वाटतं कळत नाही.

गठुड्याला खालचा एक दात आलाय. बोट घातलं की लागतो. तांदळाचा दाणाच.

आई


११ एप्रिल, दुपार

ताई, ताई,

तुझा फोन येऊन गेला, आता तासभर झाला असेल, आणि मी पत्र लिहायला बसले. वेडी म्हणशील. पण फोनवर मला काही सुचलंच नाही. तू "आई" म्हणालीस आणि माझ्या हातातला गठुड्याचा चमचा खाली पडला. तो तिने उचलून तोंडात घातला, फरशीवरचा, आणि मी बघत राहिले. सूनबाईला सांगू नकोस.

तुझा आवाज बसलाय का? तिथे धूळ फार आहे का? गरम पाणी पी. हे सगळं विचारायचं राहून गेलं.

तू सांगितलंस ते मला अर्धंच कळलं. डॉक्टरीणबाईने तुला फोन केला, हे कळलं. जवळचं माणूस म्हणून मी तुझं नाव दिलं होतं. धाकटा घरात असून तुझं दिलं, त्याचं तोंड आठवडाभर फुगलं होतं. ती म्हणाली की तुमच्या आईचं दुखणं वाढत चाललंय, आतडं धोक्यात असू शकतं, सुया थांबवाव्या लागतील, सोमवारी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना दाखवायचंय. आणि तू म्हणालीस, "आई, एवढं दुखत होतं तर लपवलंस का?" मी म्हटलं, "नाही गं, फार नाही." तू म्हणालीस, "खोटं बोलू नकोस." मी विषय सोडून दिला. तुझ्या "खोटं बोलू नकोस"ला मी तुझ्या लहानपणापासून घाबरते.

मला तर बरं वाटत होतं. पण त्यांच्याकडे यंत्रं आहेत, रक्त काढतात, त्यांना आतलं दिसत असेल. मला वरचं बरं वाटतं आणि आत काही भलतंच चाललं असेल. तुमच्या खात्यातही तसंच ना, वरचा रस्ता कोरडा ठणठणीत आणि खाली पाइप फुटलेला.

तू म्हणालीस, रजा टाकते, पुढच्या शुक्रवारी निघते, ऑपरेशनच्या वेळी मी तिथे हवी. मी हो म्हटलं. तू म्हणालीस, ऑपरेशनला आता नाही म्हणायचं नाही. मी हो म्हटलं. तू त्या वेळी मला आगीत चाल म्हणाली असतीस तरी मी चप्पल शोधायला गेले असते.

मी विचारलं, "माझी पत्रं मिळाली का?" तू म्हणालीस, "टेबलाच्या खणात आहेत. उघडली नाहीत." राग नाही मला. खणात ठेवलीस, टाकून दिली नाहीस. तेवढं पुरे आहे. हेही खणात जाईल, तरी लिहिते, कारण एवढा आनंद मी ठेवू कुठे? धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, "आई, तुला कापायचं ठरवतायत आणि तू हसतेयस काय?" खरंच हसत होते. घाबरले पण होते. दोन्ही एकदम होत होतं.

तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली. मीच उचलली, सूनबाई ओरडली.

आई


१५ एप्रिल, संध्याकाळी

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्ये सोडू नकोस.

आज सोमवार, दवाखान्यात गेलो. मी, धाकटा, आणि कडेवर गठुडं, कारण सूनबाईला कामावर जायचं होतं. खोलीत डॉक्टरीणबाई आणि ऑपरेशनवाले मोठे डॉक्टर. ते तुझ्यासारखेच आहेत, बसायला वेळ नाही, उभ्या उभ्याच माझं पोट दाबलं.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही हो."

मोठे डॉक्टर डॉक्टरीणबाईकडे बघायला लागले. तिने कागद उलटले. म्हणाली, "आजी, घाबरून नाही म्हणू नका. तुम्ही फोनवर रोज आठ, नऊ सांगताय."

मी म्हटलं, "मग? नऊ दिले ना? अजून किती द्यायचे? कुणाला दहा दिलेत का आजवर?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे?"

मी म्हटलं, "साहेब, दहा मी कुणालाच देत नाही. दहा दिले की माणूस शेफारतं. आमच्या कॅन्टीनला पण कधी दहा पडले नाहीत."

गठुडं डॉक्टरीणबाईच्या गळ्यातली नळी ओढत होतं. मग धाकट्याने कपाळावर हात मारला. "आई! ते दुखण्याचे विचारतात! दहा म्हणजे सगळ्यात जास्त दुखतंय!"

ताई, मी त्यांना फळ्याचं सगळं सांगितलं. खडू, खिडकी, आचारीणबाईचं गाणं, सगळं. मला वाटलं होतं ती पोरगी विचारते, जेवण कसं बसलं पोटात. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईने नीट सांगितलं होतं म्हणे, धाकटा पण तेच म्हणतो. असेल. त्या दिवशी इतकं काय काय सांगितलं, मी पेप्टाइड लक्षात ठेवण्यात गुंतले होते.

डॉक्टरीणबाई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मोठे डॉक्टर पण हसले, त्यांना हसायची सवय नाही, खोकल्यासारखं वाटलं. आणि मग एकदम तिचं हसू थांबलं. म्हणाली, "आजी, मग सुरुवातीला तुम्ही दोन सांगत होतात, ते?"

मी म्हटलं, "ते होय. तेव्हा जीव जातोय की राहतोय असं व्हायचं."

तिने कागद खाली ठेवला. "आणि आम्ही लिहिलं, त्रास कमी आहे. कुणी तुम्हाला बघायलाही आलं नाही."

मी म्हटलं, "जाऊ दे गं, गेलं ते." ती आत कुठेतरी दुखावली, मला दिसलं. चूक माझी आणि तोंड तिचं उतरलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, सोपं आहे, आकडे उलटे करून घ्या, नऊचा एक करा, दोनचे आठ. मग मला सांगावंच लागलं की मी पोरीला बरं वाटावं म्हणून मधूनमधून एक वरचा देत होते. डॉक्टरीणबाईने विचारलं, "कुठल्या कुठल्या दिवशी?"

मी म्हटलं, "ते तिच्या आवाजावर असायचं."

धाकटा तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. रडत नव्हता, मेला हसत होता.

तर झालंय ते असं. माझे आतापर्यंतचे आकडे धरायचे की टाकायचे ते त्यांची वरची माणसं ठरवतील. सुया थांबवायच्या नाहीत. वजन थोडं वाढलंय, ते काट्याने सांगितलं, मी नाही, म्हणून ते खरं धरलंय. नवीन नळ्या फुटल्या की नाही ते पुढच्या महिन्यात फोटो काढून बघणार. मी विचारलं, "आणि मला पाणीच टोचत असतील तर?" डॉक्टरीणबाई म्हणाली, "तर आजी, तुम्ही मिठाच्या पाण्यावर उठून बसलात, आणि मला ते पण समजून घ्यायचंय." सुतार आज आला नव्हता. मी विचारलं, पण ते दुसऱ्यांचं सांगत नाहीत.

ऑपरेशन नाही. आत्ता तरी नाही.

निघताना डॉक्टरीणबाईने विचारलं, "तुमच्या मुलीला मी कळवू की तुम्ही?" मी म्हटलं, मी कळवते.

आता पुढचं नीट वाच.

रिक्षात बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं. तू शुक्रवारी निघणार ते ऑपरेशनसाठी. रजा मिळाली ती ऑपरेशनसाठी. ऑपरेशन नाही म्हटलं तर तू कशाला येशील? तुझं म्हणणं मी ऐकलं नाही ते नाहीच, वर सुयांनी मला बरं वाटतंय, म्हणजे तू हरलीस. हरलेल्या माणसाला भेटायला आवडत नाही, मी ओळखते तुला. तू माझीच आहेस.

मग मला सुचलं की पत्र लिहावं. सगळं खरं खरं लिहावं आणि पोस्टात टाकावं. ते तुझ्या खणात जाईल. न उघडता पडून राहील. तू शुक्रवारी गाडीत बसशील. इथे आल्यावर चिडलीस तर मी म्हणेन, मी तर कळवलं होतं बाई, तू वाचलं नाहीस त्याला मी काय करू. सांगितल्यासारखंही होईल आणि कळणारही नाही. ताई, मला हे इतकं आवडलं की मी रिक्षात एकटीच मान हलवत होते. धाकटा म्हणाला, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, गठुडं झोपलंय."

घरी येऊन तेच लिहायला बसले. वरच्या ओळी तशाच लिहिल्या आहेत, बदलल्या नाहीत.

पण लिहिता लिहिता तू दिसायला लागलीस. तिथल्या त्या खोलीत बॅग भरताना. मला टेबलावर घेतील, आणि हृदय बंद पडेल का, हे तुझ्याही डोक्यात असणारच. तू मोठ्याने म्हणत नाहीस म्हणून काय झालं. शुक्रवारपर्यंत तू ते उराशी घेऊन कामावर जाशील, माणसांवर ओरडशील, जेवणार नाहीस. ती डॉक्टरीणबाई कागद खाली ठेवून जशी बघत होती तशी तू बघशील, आणि त्याला खरं कारणच नसेल. पोटात पीळ कसा असतो ते मला माहीत आहे. तुला तो मी द्यायचा? आणि कशासाठी, तर गादी उन्हात टाकली म्हणून?

दमले गं मी. दुखणं परवडलं, पण हे कोणाला काय वाटेल ते सांभाळत बसणं आता झेपत नाही. त्या पोरीला एक वरचा, डॉक्टरीणबाईला हसून दाखव, तुला ठीक आहे म्हण. आज फोनवाल्या पोरीने विचारलं, नीट सावकाश विचारलं, बहुतेक तिला ओरडा पडला असावा. मी चार सांगितलं. चार म्हणजे दुखतं. रोज दुखतं, पण जेवता येतं. त्यात मी काही मिसळलेलं नाही.

तर हे पत्र पोस्टात जाणार नाही. धाकटा समोर उभा आहे फोन घेऊन, त्याला सांगितलंय की एकेका पानाचा फोटो काढ आणि आत्ता पाठव. तो म्हणतो, "एवढं लांबलचक? सरळ फोन कर ना तिला." फोनवर मी रडेन, आणि रडले की तू येशील. तसं आलेलं मला नको.

शुक्रवारचं तिकीट रद्द करायचं तर कर. मला वाईट वाटेल आणि मी तुला वाईट वाटलं म्हणून सांगेन. सुयांच्या बाबतीत तू चूक की मी, ते पुढच्या महिन्यातला फोटो सांगेल, आणि फोटो माझ्या विरुद्ध निघाला तर मी स्वतः तुला फोन करून सांगेन. मग तू मला हवं तेवढं बोल.

पण एवढं विचारते, आणि हे मी आजवर तुला कधी विचारलेलं नाही, दरवेळी काहीतरी निमित्त पुढे केलंय. कुणी आजारी नाही, कुणी मरत नाही, इथे तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तरी येशील का?

धाकटा म्हणतोय, आई, उजेड चाललाय, फोटो नीट येणार नाहीत. त्याला म्हटलं, काढ मग लवकर, माझं मन फिरायच्या आत.

आई